पहिले ॲप प्रकाशित करण्याआधी: हॅकरपासून बचावाची कामे, योग्य क्रमाने

वेबसाइटचा महत्त्वाचा कोड तुमच्या सर्व्हरवर राहतो. मोबाइल ॲपचे तसे नसते. ते प्रकाशित झाले की त्याची पूर्ण प्रत अनोळखी माणसाच्या फोनवर पोहोचते आणि तो फोन सर्वस्वी त्याच्या ताब्यात असतो. तो फोन रूट करू शकतो (म्हणजे सिस्टिमची बंधने तोडून पूर्ण ताबा मिळवू शकतो), ॲप उलगडून कोड वाचू शकतो, चालू ॲपमधल्या फंक्शनचे उत्तर बदलू शकतो आणि सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक विनंती मध्येच अडवून तिच्यात हवे ते लिहू शकतो. यातले काहीही तुम्हाला कायमचे थांबवता येत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. नवखे डेव्हलपर बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी रूट ओळखणारी लायब्ररी बसवतात, मग कोड गुंतागुंतीचा करतात, आणि सर्व्हर मात्र ॲपने पाठवलेल्या रकमेवर मुकाट विश्वास ठेवत राहतो. अशा ॲपवर हल्ला करायला ॲप फोडण्याचीही गरज नसते. खालचा क्रम आम्ही नुकसानीच्या आकारावर ठरवला आहे: ज्या चुकीने सगळ्या वापरकर्त्यांचा डेटा एकदम जातो ती आधी, आणि ज्या चुकीने एकाच फोनवरचा डेटा जातो ती नंतर.

पायरी १: स्वतःचे ॲप स्वतः फोडून पाहा

ॲप बाहेरून कसे दिसते हे पाहिल्याशिवाय एकही ओळ बदलू नका. याला अर्धा दिवस पुरतो आणि साधने मोफत आहेत.

अँड्रॉइडची एपीके फाइल म्हणजे एक झिप फाइलच. रिलीज बिल्ड घ्या, डीबग बिल्ड नको. तुमच्याकडे फक्त ॲप बंडल असेल तर बंडलटूल वापरून त्यातून युनिव्हर्सल एपीके काढा. ती जॅडएक्स या साधनात उघडली की जावासारखा वाचता येणारा कोड, मॅनिफेस्ट (ॲपचे घटक आणि परवानग्या लिहिलेली फाइल) आणि सगळी रिसोर्सेस समोर येतात. शोध-चौकटीत हे शब्द एकेक करून टाका: पासवर्ड, सीक्रेट, टोकन, की, एचटीटीपी, स्टेजिंग, ॲडमिन (कोडमध्ये ते इंग्रजी अक्षरांत असतात, तसेच टाइप करा). चाचणीच्या सर्व्हरचे पत्ते आणि विसरलेले ॲडमिन मार्ग इथेच सापडतात. स्ट्रिंग्ज फाइल आणि बिल्डकॉन्फिग क्लास न चुकता पाहा. बहुतेक गुपिते या दोन ठिकाणी पडलेली असतात.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲपचे तर्कशास्त्र ॲसेट्स फोल्डरमधल्या जावास्क्रिप्ट बंडलमध्ये असते. हर्मीस इंजिनमुळे त्याचे बाइटकोड झाले असले तरी त्यातल्या स्ट्रिंग्ज जशाच्या तशा वाचता येतात. फ्लटरचा कोड लिबॲप नावाच्या नेटिव्ह लायब्ररीत जातो. तो उलगडणे जड आहे, पण स्ट्रिंग्ज नावाची साधी आज्ञा त्या फाइलवर चालवली की एपीआयचे पत्ते आणि किल्ल्या बाहेर पडतात. ‘फ्लटर आहे, त्यामुळे सुरक्षित आहे’ हा समज या एका आज्ञेत संपतो.

आयफोनची आयपीए फाइलही झिपच आहे. तिच्यातल्या पीलिस्ट आणि जेसन फाइल थेट वाचता येतात. ॲप स्टोअरवरून येणारी मुख्य बायनरी ॲपल फेअरप्ले या आपल्या संरक्षण-प्रणालीने एन्क्रिप्ट करते, पण चालताना ती मेमरीत उघडी होते आणि जेलब्रेक केलेल्या, म्हणजे ॲपलची बंधने तोडलेल्या, फोनवरून तशी उतरवून घेता येते. तुमच्या स्वतःच्या मशीनवर तयार झालेली आयपीए मुळात एन्क्रिप्ट केलेली नसते, त्यामुळे तपासणी तिच्यावरच करा.

दुसरा भाग नेटवर्कचा. मिटमप्रॉक्सी किंवा बर्प सूट (ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून विनंत्या दाखवणाऱ्या प्रॉक्सी) संगणकावर चालवा. दोन्ही सहसा ८०८० पोर्टवर ऐकतात. एम्युलेटरची प्रॉक्सी तिकडे वळवा आणि प्रॉक्सीचे प्रमाणपत्र फोनमध्ये टाका. इथे बहुतेक जण अडकतात: अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरकर्त्याने टाकलेल्या प्रमाणपत्रांवर आपोआप विश्वास ठेवत नाही, त्यामुळे प्रॉक्सीत काहीच दिसत नाही. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग फाइलमध्ये डीबग-ओव्हरराइड्स या विभागात वापरकर्त्याची प्रमाणपत्रे मान्य करा. हा विभाग फक्त डीबग करता येणाऱ्या बिल्डला लागू होतो, म्हणून रिलीजमध्ये भोक राहत नाही.

आता ॲपमधले प्रत्येक बटण दाबा आणि प्रॉक्सीत दिसणाऱ्या प्रत्येक विनंतीची यादी करा. ज्या विनंतीत वापरकर्त्याचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक, किंमत, सवलत किंवा भूमिका जाते तिच्यापुढे खूण करा. पायरी ३ ला हीच यादी लागणार आहे.

ही सगळी साधने फक्त स्वतःच्या ॲपवर, किंवा मालकाची लेखी परवानगी असलेल्या ॲपवर चालवायची.

पायरी २: गुपिते ॲपमधून बाहेर काढा

ॲपमध्ये ठेवलेले गुपित हे गुपित उरत नाही. ते दोन तुकड्यांत तोडले, बेस६४ केले (नुसते वेगळ्या अक्षरांत लिहिले), सी++ मधल्या नेटिव्ह लायब्ररीत लपवले, तरी चालताना ते कधीतरी जोडले जाणारच, आणि हल्लेखोर त्याच क्षणी ते उचलतो. अशा युक्त्यांनी मिळतो तो थोडा वेळ, संरक्षण नाही.

मात्र प्रत्येक की सारखीच धोकादायक नसते. नकाशाची एपीआय की ॲपमध्ये असावीच लागते. तिला क्लाउडच्या पॅनेलमधून तीन बंधने घाला: कोणत्या पॅकेजमधून चालेल, कोणत्या सही-प्रमाणपत्राच्या एसएचए-१ ठशासह चालेल आणि कोणत्या एपीआयसाठी चालेल. गूगलच्या फायरबेस या तयार बॅकएंड सेवेच्या कॉन्फिगमधली कीसुद्धा गुपित नसते. तिथले कुलूप म्हणजे डेटाबेसचे नियम. नवा डेटाबेस ‘टेस्ट मोड’मध्ये सुरू केला की ३० दिवस कुणालाही वाचता-लिहिता येते. ही मुदत संपल्यावर ॲप बंद पडते आणि घाईत कुणीतरी ‘सगळ्यांना परवानगी’ असा नियम लिहून मोकळा होतो. तो नियम तसाच राहिला तर डेटाबेसचा पत्ता माहीत असलेला कोणीही सगळा डेटा उतरवून घेतो.

पेमेंट गेटवेची सीक्रेट की, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची की, क्लाउड स्टोरेजची की आणि पैसे मोजून घेतलेल्या एआय सेवेची की ॲपमध्ये कधीही जाऊ देऊ नका. ॲपने तुमच्या सर्व्हरला विचारायचे, सर्व्हरने आपल्याजवळची की वापरून पुढच्या सेवेला विचारायचे. फोटो थेट स्टोरेजमध्ये चढवायचे असतील तर सर्व्हरने काही मिनिटांपुरतीच चालणारी, एकाच फाइलसाठीची सही केलेली लिंक द्यावी.

की चुकून गिटमध्ये गेली असेल तर इतिहासातून ती पुसण्यात वेळ घालवू नका. आधी ती रद्द करून नवी काढा. ज्याला ती मिळायची त्याला ती एव्हाना मिळाली असेल, असे धरूनच चाला.

पायरी ३: निर्णय सर्व्हरवर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका वाक्यात नियम असा: ॲपकडून आलेली कोणतीही गोष्ट म्हणजे फक्त विनंती, पुरावा नव्हे.

ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या २०२३ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर जी चूक आहे ती फार साधी आहे. ॲप ‘ऑर्डर १०४२ दाखव’ म्हणते, सर्व्हर टोकन खरे आहे का एवढेच पाहतो आणि ऑर्डर दाखवतो. ती ऑर्डर या वापरकर्त्याची आहे का, हे कुणी तपासतच नाही. १०४२ च्या जागी १०४३ लिहिले की दुसऱ्याचे नाव, पत्ता, फोन नंबर हाती येतात, आणि दहा ओळींची स्क्रिप्ट सगळा तक्ता उपसते. उपाय: डेटाबेसच्या प्रत्येक क्वेरीत ऑर्डर क्रमांकाबरोबर मालकाचा क्रमांकही अट म्हणून घाला, आणि मालकाचा क्रमांक टोकनमधून घ्या, विनंतीतून नव्हे. क्रमांकांऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळखी वापरल्या तर अंदाज बांधणे अवघड होते, पण मालकीची तपासणी त्याने टळत नाही. पायरी १ मधल्या यादीतल्या खुणा केलेल्या प्रत्येक विनंतीसाठी दोन खाती उघडा, ‘अ’चे टोकन लावून ‘ब’चा क्रमांक मागा, आणि उत्तरात नकारच आला पाहिजे.

रक्कम ॲपने पाठवायचीच नाही. ॲपने वस्तूचा क्रमांक आणि नग पाठवावेत; किंमत, सवलत आणि एकूण सर्व्हर काढेल. नग ऋण असेल तर काय होते तेही पाहा. उणे दोन नगांनी एकूण रक्कम कमी होणारी शॉपिंग कार्ट आजही बनतात. पेमेंट झाले की नाही हे ॲपच्या ‘यशस्वी’ पडद्यावरून ठरवू नका. गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारा, सही तपासलेला संदेश हाच आधार. ॲपमधल्या खरेदीची पावतीही सर्व्हरनेच गूगल किंवा ॲपलकडे पडताळून घ्यावी.

एकच कूपन एका वेळी वीस विनंत्यांत पाठवून पाहा. ‘आधी तपास, मग वापरले अशी नोंद कर’ असा कोड असेल तर दोन-चार विनंत्या फटीतून सुटतात. डेटाबेसमध्ये युनिक बंधन किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये कुलूप लावले की ही फट बुजते.

प्रोफाइल बदलण्याच्या विनंतीत आलेले सगळे फील्ड थेट डेटाबेसच्या नोंदीत ओतू नका. नाव आणि फोटोबरोबर कुणी ‘भूमिका: ॲडमिन’ हेही पाठवले तर तेही लिहिले जाते. बदलता येणाऱ्या फील्डची यादी स्पष्ट लिहा, बाकीचे टाकून द्या.

ओटीपीचे गणित एकदा मांडून पाहिले की मर्यादा का हव्यात ते कळते. चार अंकी ओटीपीच्या १०,००० शक्यता. सेकंदाला १०० प्रयत्न करता आले तर त्या १०० सेकंदांत संपतात. सहा अंकी ओटीपीच्या १० लाख शक्यता त्याच वेगाने पावणेतीन तासांत संपतात. म्हणून सहा अंक, पाच मिनिटांची मुदत आणि पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ओटीपी बाद. मर्यादा फक्त आयपी पत्त्यावर लावली तर हल्लेखोर पत्ते बदलत राहतो. ती फोन नंबरवरही लावा. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर प्रयत्नांची मोजणी शून्यावर जात नाही ना, आणि पुन्हा पाठवण्यालाही मर्यादा आहे ना, हे बघा. चाचणीच्या सोयीसाठी सर्व्हरच्या उत्तरातच ओटीपी पाठवण्याची सवय असते. ती ओळ रिलीजमध्ये राहून गेली तर लॉगिनला काही अर्थच उरत नाही, आणि प्रॉक्सीत ती पहिल्या नजरेत दिसते.

टोकनबद्दल: ॲक्सेस टोकन (प्रत्येक विनंतीबरोबर जाणारे) १५ मिनिटांचे, रिफ्रेश टोकन (नवे ॲक्सेस टोकन मिळवण्याचे) लांब मुदतीचे पण प्रत्येक वापरानंतर बदलणारे. जुने रिफ्रेश टोकन पुन्हा आले म्हणजे ते चोरीला गेले असे समजून त्या लॉगिनची सगळी टोकने रद्द करा. इथे एक अडचण येते. कमजोर नेटवर्कवर नव्या टोकनाचे उत्तर फोनपर्यंत पोहोचत नाही आणि ॲप जुनेच पुन्हा पाठवते, मग प्रामाणिक वापरकर्ता बाहेर फेकला जातो. काही सेकंदांची सवलत ठेवली की हा त्रास कमी होतो. जेडब्ल्यूटी (सही केलेल्या टोकनचा एक प्रचलित प्रकार) वापरत असाल तर सहीची पद्धत सर्व्हरवर पक्की ठरवा, टोकनच्या आत लिहिलेली पद्धत मानू नका. जेडब्ल्यूटीमधला मजकूर कुणालाही वाचता येतो हेही ध्यानात असू द्या. तो एन्क्रिप्ट केलेला नसतो, त्याच्यावर फक्त सही असते.

पायरी ४: फोनवर काय आणि कसे साठवायचे

आधी एक गैरसमज दूर करू. अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींवर प्रत्येक ॲपचा खासगी कप्पा वेगळा असतो आणि साध्या, रूट न केलेल्या फोनवर दुसरे ॲप तो वाचू शकत नाही. धोका येतो तो दुसऱ्या वाटांनी: बॅकअप, रूट केलेला फोन, सामायिक स्टोरेज, लॉग आणि हरवलेला फोन.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे न साठवणे. पासवर्ड कधीच साठवू नका. ओळखपत्राचा फोटो सर्व्हरवर चढला की फोनवरची तात्पुरती प्रत पुसा.

जे साठवावेच लागते, उदाहरणार्थ रिफ्रेश टोकन, त्यासाठी अँड्रॉइडवर कीस्टोर वापरा. कीस्टोरमध्ये डेटा नव्हे तर किल्ली राहते. बहुतेक फोनांवर ती किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये तयार होते आणि तिथून बाहेर येत नाही. एईएस किल्ल्यांची सोय अँड्रॉइड ६ पासून आहे, आणि ज्या फोनमध्ये स्वतंत्र सुरक्षा-चिप आहे तिथे अँड्रॉइड ९ पासून स्ट्राँगबॉक्स मागता येतो. तो नसेल तर अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो, तो पकडून साध्या कीस्टोरवर उतरा, नाहीतर अनेक फोनांवर ॲप उघडणारच नाही. एन्क्रिप्शन एईएस-जीसीएमने करा: २५६ बिटांची किल्ली, प्रत्येक वेळी नवा १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायची संख्या). एकाच किल्लीबरोबर नॉन्स पुन्हा वापरला तर जीसीएमचे संरक्षण कोसळते, त्यामुळे नॉन्स स्वतः ठरवू नका, सिस्टिमला तयार करू द्या आणि सायफरटेक्स्टच्या (एन्क्रिप्ट केलेल्या डेटाच्या) सुरुवातीला जोडून ठेवा. जुन्या मार्गदर्शकांत एन्क्रिप्टेड शेअर्ड प्रेफरन्सेस वापरायला सांगितलेले असते. जेटपॅकची ती लायब्ररी आता कालबाह्य घोषित झाली आहे. नव्या ॲपमध्ये कीस्टोर आणि गूगलची टिंक ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ही जोडी घ्या.

आयफोनवर टोकन कीचेनमध्ये ठेवा, यूझर डिफॉल्ट्समध्ये नव्हे. ती साधी पीलिस्ट फाइल असते. कीचेनची नोंद करताना ‘फोन उघडा असतानाच, फक्त याच उपकरणावर’ हा प्रवेश-प्रकार निवडा, म्हणजे ती बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर जाणार नाही. कीचेनची एक खोड अनेकांना महागात पडते: ॲप काढून टाकले तरी कीचेनमधल्या नोंदी फोनवर राहतात. पुन्हा ॲप टाकल्यावर आधीच्या माणसाचे लॉगिन जिवंत दिसू शकते. म्हणून पहिल्यांदा ॲप उघडताना यूझर डिफॉल्ट्समध्ये एक खूण तपासा, ती नसेल तर कीचेनच्या जुन्या नोंदी पुसा.

बॅकअपसाठी मॅनिफेस्टमधले अलाउ-बॅकअप बंद करा, आणि अँड्रॉइड १२ पासूनच्या डेटा-एक्स्ट्रॅक्शन नियमांत संवेदनशील फाइल वगळा. वगळल्या नाहीत तर दुहेरी अडचण होते. टोकनची फाइल नव्या फोनवर पोहोचते पण कीस्टोरची किल्ली पोहोचत नाही, उलगडताना अपवाद येतो आणि ॲप उघडताक्षणी कोसळते.

बोटाच्या ठशाने कुलूप लावताना फक्त ‘ओळख पटली’ हे उत्तर पाहून पडदा उघडू नका. चालत्या ॲपमध्ये घुसून फंक्शन बदलणाऱ्या फ्रिडा या साधनाने ते उत्तर बदलता येते. अँड्रॉइडवर बायोमेट्रिक प्रॉम्प्टला क्रिप्टो-ऑब्जेक्ट द्या, म्हणजे ओळख पटल्याशिवाय किल्ली चालणारच नाही आणि डेटा उलगडणारच नाही. किल्ली तयार करताना ‘नवा ठसा नोंदवला तर किल्ली बाद’ हा पर्याय चालू ठेवा. आयफोनवर हेच काम कीचेनच्या नोंदीला सध्याच्या बायोमेट्रिक संचाची अट लावून होते.

लॉगचे काम छोटे आहे, पण राहून जाते. नेटवर्क लायब्ररीचा लॉगिंग इंटरसेप्टर रिलीजमध्ये चालू राहिला तर प्रत्येक टोकन लॉगमध्ये छापले जाते. क्रॅश अहवालातही विनंतीचे हेडर जात नाहीत ना, ते पाहा.

पायरी ५: नेटवर्क

सगळे एचटीटीपीएसवर. अँड्रॉइड ९ किंवा पुढची आवृत्ती लक्ष्य केली की साधे एचटीटीपी आपोआप बंद असते. आयओएस ९ पासून ॲपलचा एटीएस हा नियम तेच करतो. एखादा चाचणी सर्व्हर चालेना म्हणून संपूर्ण ॲपसाठी ही बंदी उठवण्याची चूक टाळा. सूट द्यायची तर एकाच डोमेनला आणि फक्त डीबगमध्ये.

याहून वाईट म्हणजे प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणारा कोड. सगळ्यांवर विश्वास ठेवणारा ट्रस्ट मॅनेजर, नेहमी ‘खरे’ म्हणणारा होस्टनेम व्हेरिफायर, फ्लटरमध्ये चुकीच्या प्रमाणपत्रालाही होकार देणारा कॉलबॅक. एरर घालवण्यासाठी कुठून तरी उचललेल्या चार ओळी असतात त्या, पण त्यांच्यामुळे सार्वजनिक वायफायवर बसलेला कुणीही मधला माणूस, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्यातला संवाद वाचणारा आणि बदलणारा, बनू शकतो. कोडमध्ये हे तीन शब्द शोधून पाहाच.

सर्टिफिकेट पिनिंगबद्दल, म्हणजे ठरावीक प्रमाणपत्र किंवा किल्लीच मान्य करण्याबद्दल, आमचे मत स्पष्ट आहे: पहिल्या ॲपला ते लावू नका. स्वतःच्याच फोनवर बसलेला हल्लेखोर फ्रिडाने ते काही मिनिटांत काढतो. ते उपयोगी पडते ते खोटे पण मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळवलेल्या मधल्या माणसाविरुद्ध, आणि असा हल्ला दुर्मीळ आहे. उलट सर्व्हरची किल्ली बदलली आणि ॲपमध्ये जुनाच पिन राहिला तर सगळ्या फोनांवरचे ॲप एकदम मुके होते. अँड्रॉइडचे अधिकृत मार्गदर्शनही ॲपसाठी पिनिंगची शिफारस करत नाही. बँकिंगसारख्या कामात लावावेच लागले तर प्रमाणपत्राऐवजी सार्वजनिक किल्लीचा ठसा पिन करा, किमान एक राखीव किल्लीचा पिन बरोबर द्या (तिची खासगी किल्ली सर्व्हरपासून दूर, सुरक्षित), आणि पिनला अंतिम तारीख लिहा. अँड्रॉइडवर त्या तारखेनंतर पिन तपासला जात नाही, त्यामुळे जुनी आवृत्ती निदान चालत राहते.

पायरी ६: ॲपची उघडी दारे

मॅनिफेस्टमध्ये एक्सपोर्टेड ‘ट्रू’ असलेला प्रत्येक घटक दुसऱ्या ॲपला हाक मारून उघडता येतो. अँड्रॉइड १२ लक्ष्य करणाऱ्या ॲपमध्ये इंटेंट-फिल्टर (घटक कोणत्या हाकेला उत्तर देतो ते सांगणारी नोंद) असलेल्या घटकाला ही किंमत स्पष्ट लिहावीच लागते, आणि बिल्ड चालावे म्हणून सगळीकडे ‘ट्रू’ लिहिले जाते. सुरुवातीचा पडदा आणि बाहेरच्या लिंक उघडणारा पडदा सोडून बहुतेकांना ‘फॉल्स’ पुरते. तपासण्यासाठी एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देणारे अँड्रॉइडचे साधन) यातल्या ॲक्टिव्हिटी सुरू करण्याच्या आज्ञेने आतला पडदा थेट उघडून पाहा. लॉगिन न करता तो उघडला तर दार उघडे आहे. पेंडिंग इंटेंट (दुसऱ्या ॲपने आपल्या वतीने नंतर करायचे काम) बदलता न येणारे, म्हणजे इम्युटेबल ठेवा.

स्वतःची स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएसऐवजी ॲपने ठरवलेले नाव) वापरणारी लिंक कोणतेही ॲप आपल्या नावे नोंदवू शकते. लॉगिनचा कोड अशा लिंकने परत येत असेल तर तो पळवला जातो. त्यासाठी पीकेसीई पद्धत (लॉगिन सुरू करणाऱ्या ॲपलाच कोड वापरता येतो) अनिवार्य समजा आणि लिंक एचटीटीपीएसची, पडताळलेली ठेवा: अँड्रॉइडवर ॲप लिंक्स, आयफोनवर युनिव्हर्सल लिंक्स. अँड्रॉइडची पडताळणी फसते ती बहुधा एकाच कारणाने. सर्व्हरवरच्या ॲसेट-लिंक्स फाइलमध्ये डेव्हलपर आपल्या अपलोड किल्लीचा ठसा टाकतो, पण प्ले ॲप सायनिंगमध्ये वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचणाऱ्या ॲपवर सही असते ती गूगलकडच्या किल्लीची. प्ले कन्सोलमधून त्या किल्लीचा एसएचए-२५६ ठसा घ्या. नकाशाची की फक्त स्टोअरवरच्या ॲपमध्ये चालत नसेल तर तिथेही हेच कारण निघते. फक्त तिथे ठसा एसएचए-१ लागतो.

वेबव्ह्यूमध्ये फक्त आपलेच डोमेन उघडा. पत्त्यात आपले नाव ‘कुठेतरी आहे’ एवढे पाहणे पुरत नाही, कारण ते नाव हल्लेखोर आपल्या डोमेनच्या मागे-पुढे सहज लावतो. पत्ता पार्स करून होस्ट तंतोतंत जुळवा. गरज नसेल तर जावास्क्रिप्ट बंद. ॲपची फंक्शन्स जावास्क्रिप्ट इंटरफेसने पानाला दिली असतील तर ती त्या पानातल्या प्रत्येक आयफ्रेमलाही मिळतात, जाहिरातीच्या आयफ्रेमलासुद्धा.

पायरी ७: परक्या लायब्ररी आणि सहीची किल्ली

२०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट प्रकरणात डेव्हलपरांनी अनधिकृत ठिकाणाहून एक्सकोड उतरवले, त्यात भेसळ होती, आणि त्यातून बनलेली संसर्गित ॲप्स थेट ॲप स्टोअरवर पोहोचली. डेव्हलपरचा कोड निर्दोष होता, दोष साधनात होता. साधने अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. लायब्ररींच्या आवृत्त्या लॉक फाइलने पक्क्या करा आणि गिटहबवर डिपेंडाबॉटसारखी तपासणी चालू ठेवा. वापरात नसलेले एसडीके (परक्या सेवांचे तयार कोड-संच) काढून टाका, कारण ॲपला मिळालेली प्रत्येक परवानगी त्या एसडीकेलाही मिळते.

सहीची कीस्टोर फाइल (पायरी ४ मधल्या फोनवरच्या कीस्टोरहून वेगळी) आणि तिचा पासवर्ड गिटमध्ये नको. फाइलची एक प्रत ऑफलाइन, एन्क्रिप्ट करून ठेवा.

पायरी ८: कोड अवघड करणे, आता

आर८ (अँड्रॉइडचे कोड आकसणारे साधन) चालू करा: ग्रेडल या बिल्ड-साधनात मिनिफाय आणि रिसोर्स श्रिंकिंग. त्याने नावे बदलतात आणि न लागणारा कोड गळतो. स्ट्रिंग्ज मात्र तशाच राहतात. रिलीजमध्येच दिसणारी नेहमीची गडबड म्हणजे जेसनमधून आलेली फील्ड अचानक रिकामी येणे, कारण मॉडेल क्लासमधली नावे बदललेली असतात. त्या क्लासना कीप नियम लावा किंवा प्रत्येक फील्डला सिरियलाइज्ड नाव द्या. प्रत्येक रिलीजची मॅपिंग फाइल जपा, नाहीतर क्रॅश अहवाल वाचता येणार नाहीत.

ॲप खरे आहे का, बदललेले तर नाही, हे पाहण्यासाठी अँड्रॉइडवर प्ले इंटेग्रिटी आणि आयफोनवर आयओएस १४ पासून मिळणारे ॲप ॲटेस्ट आहे. दोन्हींचा निकाल सर्व्हरवर तपासा. ॲपमध्येच तपासला तर तो बदलता येतो. निकाल त्या विशिष्ट विनंतीशी बांधलेला असावा, नाहीतर एका खऱ्या फोनचा निकाल हजार खोट्या विनंत्यांना चिकटवला जाईल. सुरुवातीचे काही आठवडे नुसती नोंद करा, कुणालाही अडवू नका. किती प्रामाणिक वापरकर्ते जुन्या किंवा बदललेल्या फोनांमुळे नापास होतात ते आधी कळू द्या.

पायरी ९: प्रकाशित करण्याआधी आणि फुटल्यावर

रिलीज बिल्ड मोबएसएफ या तपासणी-साधनात टाका. ते मॅनिफेस्ट, प्रमाणपत्र आणि कोडमधली गुपिते तपासून अहवाल देते. अहवालातल्या लाल ओळी मोजत बसू नका, प्रत्येकीचा अर्थ लावा. काही खोट्या असतात, आणि पायरी ३ मधल्या चुका त्यात दिसतच नाहीत कारण त्या सर्व्हरवर असतात. दोन खात्यांची चाचणी हातानेच करावी लागते. पुढे खोलात जायचे असेल तर ओवास्पचे एमएएसव्हीएस हे निकष आणि एमएएसटीजी हे चाचणी-मार्गदर्शन क्रमाने वाचा.

एखादी की किंवा फट बाहेर पडली तर क्रम नुकसानीवर ठरतो. त्या कीने सगळ्यांचा डेटा वाचता येत असेल तर ती लगेच बंद करा, ॲप काही तास बंद पडले तरी चालेल. नुसता खर्चाचा धोका असेल तर आधी तिच्यावर कोटा लावा, सर्व्हरवर पर्यायी मार्ग सुरू करा, नवी आवृत्ती सोडा, जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना अपडेट सक्तीचे करा आणि मग की बंद करा. दोन्ही वेळी सर्व्हरचे लॉग पुसले जाण्याआधी बाजूला काढा. कुणाचा डेटा गेला हे फक्त तेच सांगू शकतात.

सक्तीच्या अपडेटची सोय मात्र त्या दिवशी लिहून चालत नाही. ॲप सुरू होताना सर्व्हरकडून ‘किमान चालणारी आवृत्ती’ विचारणे आणि आपली आवृत्ती त्याखाली असेल तर अपडेटचा पडदा दाखवणे, एवढाच तो कोड आहे. तो पहिल्याच आवृत्तीत घाला, कारण एकदा लोकांच्या फोनवर पोहोचलेल्या जुन्या ॲपमध्ये तो नंतर घालता येत नाही. आणि फक्त ॲपच्या पडद्यावर विसंबू नका: विनंतीबरोबर आवृत्ती क्रमांक पाठवा आणि बाद झालेल्या आवृत्तीचे जुने एपीआय मार्ग सर्व्हरवरूनही बंद करा, नाहीतर ॲप अपडेट होते आणि भोक तिथेच राहते.